खर्च कुणाच्या खात्यावर?

कॅनडाच्या पार उत्तरेला, जिथं वर्षातले बहुतेक महिने जमीन बर्फाखाली असते, तिथं इन्युइट लोक राहतात. त्यांच्या भाषेत इन्युइट म्हणजे माणसं. सरकारदरबारी मात्र पिढ्यान् पिढ्या त्यांना 'एस्किमो' म्हटलं गेलं. हे नाव त्यांनी स्वतःला दिलेलं नव्हतं. दुसऱ्यानं दिलेलं नाव अंगावर वागवणं म्हणजे काय, हे या पानांच्या वाचकाला फोडून सांगायला नको.

दोस्तहो, मी सूतगिरणीत रिंग खात्यात काम करतो. कापसाच्या धुळीतल्या माणसाचा बर्फातल्या माणसांशी संबंध काय, असं कुणी विचारील. संबंध एका प्रश्नाचा आहे: खर्च कुणाच्या खात्यावर? या एका प्रश्नानं उत्तरेतल्या माणसांचं काय केलं, त्याचा हा इतिहास.

1867 साली कॅनडाची घटना झाली. कामांची वाटणी झाली. इस्पितळं प्रांतांकडं गेली. 'इंडियन आणि त्यांच्यासाठी राखलेल्या जमिनी' केंद्राकडं गेल्या. इन्युइटांचा उल्लेख कुठंच नाही. पुढं 1912 साली क्विबेक प्रांताची हद्द उत्तरेकडं वाढवली आणि हजारो मैल बर्फ त्याच्यात आला. बर्फाबरोबर माणसंही आली. पण माणसांचा विचार जमीन वाटताना कोण करतो?

पांढऱ्या कोल्ह्याच्या कातड्याला भाव होता तोवर व्यापाऱ्यांचं बरं चाललं होतं. 1930 च्या मंदीत भाव कोसळला. कातडं देऊन पीठ, चहा, काडतुसं घेणारा शिकारी उपाशी पडला. केंद्रानं थोडं धान्य दिलं आणि बिल क्विबेकला पाठवलं. काही काळानं क्विबेकनं हात वर केले. आता भांडण सुरू. ही उपाशी माणसं 'इंडियन' आहेत की नाहीत? असतील तर केंद्रानं द्यावं, नसतील तर प्रांतानं.

हे भांडण देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. 5 एप्रिल 1939 ला निकाल लागला: घटनेच्या त्या कलमापुरते एस्किमो हे इंडियनच. न्यायाधीशांनी आधार कशाचा घेतला? हडसन्स बे कंपनीचे जुने कागद. 1850 च्या दशकात त्या व्यापारी कंपनीनं केलेल्या शिरगणतीत एस्किमोंची नोंद इंडियनांच्या यादीत होती. म्हणजे माणूस कोण आहे हे ठरलं ते कातडी विकत घेणाऱ्याच्या वहीवरून. आणि सबंध खटल्यात त्या माणसांना कुणी विचारलं नाही की बाबांनो, तुम्ही कोण?

जबाबदारी ठरली. मग सेवा आली का? आधी नंबर आला. 1941 पासून प्रत्येक इन्युइट माणसाला एक गोल बिल्ला देण्यात आला. त्याच्यावर राजमुकुट आणि नंबर. पूर्वेकडच्याला ई, पश्चिमेकडच्याला डब्ल्यू. दोऱ्यात ओवून गळ्यात घालायचा नाहीतर कपड्याला शिवायचा. बाहेरून आलेल्या कारकुनांना त्यांची नावं लिहिता येत नव्हती, एकाच माणसाचं नाव तिघं तीन तऱ्हेनं लिहीत. त्याच्यावरचा इलाज म्हणजे माणसाचं नावच बाजूला ठेवणं. 1945 पासून देशभर मुलांसाठी कुटुंबभत्ता सुरू झाला. दक्षिणेतल्या आईच्या हातात चेक. उत्तरेतल्या आईला व्यापाऱ्याच्या दुकानात, सरकारनं ठरवलेल्या यादीतला माल. तिचं पोरगंही त्याच देशाचं, पण रोख पैसे तिच्या हातात द्यायला सरकार कचरलं. नंबर जाऊन आडनावं आली ती 1968 ते 1971 या काळातल्या मोहिमेनं. ती चालवली अब्राहम ओकपिक या इन्युइट माणसानं.

आणि मग क्षय. आमच्या भाषेत टीबी. 1950 साली सरकारनं सी. डी. हाऊ नावाची बोट उत्तरेला पाठवली. तिच्यावर डॉक्टर होते, एक्स-रेचं यंत्र होतं. दर उन्हाळ्यात ती वस्ती-वस्तीला थांबायची. माणसं बोटीवर चढवायची, छातीचा फोटो काढायचा. फोटोत डाग दिसला की तो माणूस बोटीवरच राहायचा. अनेकांना परत किनाऱ्यावर जाऊन निरोपही घेऊ दिला नाही. अंगावर दूध पिणारं पोर आईपासून, कर्ता शिकारी कुटुंबापासून तोडला गेला. शेकडो मैल दक्षिणेला हॅमिल्टन, एडमंटन अशा शहरांच्या इस्पितळांत त्यांना नेलं. 1956 च्या सुमारास दर सात इन्युइटांपैकी एकजण असा दक्षिणेत इस्पितळात पडून होता.

इथं नीट बोललं पाहिजे. औषध खरं होतं. पुष्कळ लोक त्यामुळं जगले. इलाज नको होता असं कुणी म्हणत नाही. पण दवाखाना माणसाकडं न्यायचा की माणूस दवाखान्याकडं, हा हिशेब झाला तेव्हा सरकारला माणूस उचलून नेणं स्वस्त वाटलं. दोन-दोन, तीन-तीन वर्षं माणसं तिथं राहिली. लहान पोरं परत आली तेव्हा इंग्रजी बोलत होती आणि आई इनुक्टिटुट. आई आणि पोराच्या मध्ये दुभाषा लागला. जे मेले त्यांतल्या कितीकांना तिथंच पुरलं, आणि घरच्यांना कबर कुठं ते कळलं नाही. 8 मार्च 2019 ला पंतप्रधान ट्रुडो यांनी इकालुइट इथं जाऊन माफी मागितली. हरवलेल्यांच्या कबरी शोधायचं काम तेव्हा जाहीरपणे सुरू झालं. त्याचं नाव नानिलाव्हुत, म्हणजे चला, त्यांना शोधू या. काहींचा शोध साठ-साठ वर्षांनी लागला.

आता कुणी म्हणेल, झाला हा जुना इतिहास. तर मग जॉर्डनचं ऐका.

जॉर्डन रिव्हर अँडरसन हे क्री जमातीचं पोर. मॅनिटोबा प्रांताच्या उत्तरेकडल्या नॉर्वे हाऊसचं. 1999 साली जन्मलं ते दुर्धर आजार घेऊनच. पहिली दोन वर्षं विनिपेगच्या इस्पितळात गेली. मग डॉक्टर म्हणाले, आता घरच्यासारख्या जागी काळजी घेता येईल. पण त्या काळजीचा खर्च कुणाचा? केंद्र म्हणालं प्रांताचा. प्रांत म्हणाला केंद्राचा. 1867 ची तीच वाटणी, 1939 चं तेच भांडण. दोन वर्षांहून जास्त काळ कागद इकडून तिकडे फिरले. 2005 च्या फेब्रुवारीत जॉर्डन पाच वर्षांचा होऊन इस्पितळातच मेला. एक रात्रही आपल्या घरी झोपला नाही. तोच मुलगा जर शहरातल्या गोऱ्या घरचा असता तर हा प्रश्न निघालाच नसता, कारण त्याचं खातं आधीच ठरलेलं होतं.

आमच्या खात्यात एक माणूस खोकत होता. कंत्राटदार म्हणाला तो गिरणीचा, गिरणी म्हणाली तो कंत्राटदाराचा, आणि विम्याच्या खिडकीवर म्हणाले आधी हजेरीपटावर नाव दाखव. तीन महिने असे गेले. त्याची बायको म्हणाली, "मंजे ह्यो मानूस कुणाचाच न्हाई व्हय?" तिला जॉर्डनचं नाव माहीत नाही. पण त्याच्यावरचा सगळा खटला तिनं एका वाक्यात सांगितला.

12 डिसेंबर 2007 ला कॅनडाच्या संसदेनं एकमतानं ठराव केला. त्याला 'जॉर्डनचं तत्त्व' म्हणतात. तत्त्व साधं आहे: मुलाला गरज दिसली की ज्या सरकारच्या दारात तो प्रथम येईल त्यानं खर्च करावा, भांडण मागाहून करावं. ठरावावर बाकं वाजली. नंतर सरकारनं त्याची व्याख्या इतकी अरुंद केली की त्या दारातून पोर आत शिरणं मुश्कील झालं. त्याच वर्षी सिंडी ब्लॅकस्टॉक यांच्या संस्थेनं आणि असेंब्ली ऑफ फर्स्ट नेशन्सनं मानवी हक्क आयोगाकडं तक्रार नेली होती. नऊ वर्षं लढले. 26 जानेवारी 2016 ला मानवी हक्क न्यायाधिकरणाचा निकाल लागला: सरकारनं भेदभाव केला. 2017 साली मुदतीही बांधून दिल्या. तातडीची मागणी असेल तर 12 तासांत उत्तर द्या. 2023 साली 23 अब्ज डॉलरांहून अधिक नुकसानभरपाईला न्यायालयाची मंजुरी मिळाली.

पण क्षय गेला नाही. 2016 च्या आकड्यांप्रमाणे इन्युइटांमधला टीबी कॅनडात जन्मलेल्या बिगर-आदिवासी माणसांच्या जवळजवळ 300 पट होता. दाटीवाटीची घरं, महाग अन्न, लांबचा दवाखाना. रोग याच वाटेनं घरात येतो, मग बाहेर बर्फ असो की धूळ. 2018 साली सरकारनं शब्द दिला की 2030 पर्यंत इन्युइटांच्या प्रदेशातून टीबी हटवू. हा शब्द त्यांच्या पोराबाळांनी तारीखवार लिहून ठेवावा.

दोस्तहो, या इतिहासात सरकारला काय जमलं नाही? मोजता आलं. नंबर देता आला. बर्फ फोडत बोट नेता आली. पैसाही होता, बुद्धीही होती. पोराला घरी न्यायची वेळ आली तेव्हा मात्र दोघांनाही आपापली वही आठवली. म्हणून जॉर्डनचं तत्त्व एका देशाचं, एका जमातीचं राहू नये. आधी आजाऱ्याला उचला, औषध द्या, घरी पोचवा. मग खर्च कुणाच्या खात्यावर याचं भांडण वाटेल तेवढी वर्षं खुशाल भांडत बसा.