मशाल, टेम्पो आणि सात डिसेंबर

बारावीत असताना मी पहिल्यांदा माहूरगडाहून ज्योत आणायला गेलो होतो. नवरात्राच्या तोंडावर आमच्याकडची बरीच मंडळं ही ज्योत आणतात. माहूर, आर्णी, यवतमाळ, नेर आणि मग नांदगाव खंडेश्वर. रस्ता शंभर किलोमीटरच्या वरचा. पंधरा-सोळा पोट्टे, एक टेम्पो, एक डबा तेल. एकानं मशाल घेऊन पळायचं, दम लागला की दुसऱ्याच्या हातात द्यायची आणि टेम्पोत चढून केळी खायची. गावात शिरताना मात्र सगळे खाली उतरून पळायचे, कारण आया-बहिणी बघत असायच्या!

त्या वर्षी वेशीवर गल्लीतले फौजी काका उभे होते. आम्ही फुशारक्या मारत होतो, तर ते शांतपणे म्हणाले, "बाप्पा, तुमी दमले का टेम्पोत बसता. ज्या घरचा माणूस गेला, त्या घराले टेम्पो कुठला?"

तेव्हा हसण्यावारी नेलं. आता मी स्नायूंच्या थकव्यावर पीएच.डी. करतोय (आईच्या भाषेत, "पोरगं दमण्यावर शिकून राह्यलं"), आणि ते वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही. म्हणून आज प्रयोगशाळेतलं थोडं बाजूला ठेवून इतिहास. आळीपाळीनं पळणं आणि सैनिकांच्या घरांसाठी पैसे गोळा करणं, या दोन गोष्टींचा संबंध कुठून आला?

टप्प्याटप्प्यानं पळणं मुळात खेळ नव्हताच, ती टपाल होती. इब्न बतूतानं मुहम्मद तुघलकाच्या काळातल्या पायी डाकेचं वर्णन केलंय. एका मैलाचे तीन भाग, प्रत्येक भागाच्या शेवटी तयार बसलेला हरकारा. हातातल्या काठीला तांब्याच्या घंटा. घंटांचा आवाज आला की पुढचा उठून उभा राहायचा. ही डाक घोड्याच्या डाकेपेक्षा वेगवान होती, असं तो सांगतो. सुलतान आपल्या दौलताबादला असताना त्याच्यासाठी गंगेचं पाणीसुद्धा असंच यायचं, चाळीस दिवसांच्या अंतरावरून. जपानमध्ये या सांघिक धावण्याला 'एकिदेन' म्हणतात आणि तो शब्दही जुन्या घोड्यांच्या टपाल चौक्यांवरूनच आलाय. पहिली एकिदेन 1917 मध्ये क्योतो ते टोकियो अशी झाली. 508 किलोमीटर, 23 टप्पे, तीन दिवस.

आजच्या रिले शर्यतीची कूळकथा मात्र वेगळी आहे. 1880 च्या दशकात अमेरिकेतले अग्निशमन दलाचे जवान मदतनिधीसाठी शर्यती लावत आणि दर 300 यार्डांवर लाल झेंडी पुढच्याच्या हातात देत. तेच बघून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 1893 ला रिलेचा प्रयोग झाला आणि 1895 पासून 'पेन रिलेज' ही मोठी स्पर्धा सुरू झाली, असं सांगतात. म्हणजे रिले आणि मदतनिधी यांची जोडी कोण्या आजच्या इव्हेंट कंपनीनं लावलेली नाही. ती जुनी आहे.

आता थोडं माझ्या विषयाचं. पीटर रीगल या अमेरिकन इंजिनिअरनं 1977 मध्ये एक साधं सूत्र मांडलं: अंतर जितक्या पटीनं वाढतं, त्याच्या 1.06 व्या घातानं वेळ वाढतो. समजा तुम्ही 10 किलोमीटर 50 मिनिटांत पळता. मग 100 किलोमीटरला 500 मिनिटं लागायला हवीत ना? सूत्र म्हणतं 574. खरं तर सूत्र थोड्या तासांच्या शर्यतींसाठी आहे, त्यामुळे प्रत्यक्षात याहून जास्तच लागतील. पण तुमच्यासारखेच दहा जण दहा-दहा किलोमीटर पळाले, तर काम 500 मिनिटांतच होतं. वरची 74 मिनिटं म्हणजे एकट्यानं ओझं वाहण्याची किंमत. संघाला ती भरावी लागत नाही.

डिसेंबर 2020 मध्ये सीमा सुरक्षा दलाच्या जवानांनी 1971 च्या युद्धातल्या सैनिकांच्या सन्मानार्थ मध्यरात्री बॅटन हातात घेऊन 180 किलोमीटर अंतर 11 तासांच्या आत पार केलं. भागाकार करून बघा: ताशी 16 किलोमीटरपेक्षा जास्त, म्हणजे किलोमीटरला पावणेचार मिनिटंसुद्धा नाहीत. रात्रभर हा वेग एकट्या माणसाला शक्यच नाही.

पण यात एक गोष्ट मला खटकते. आपल्याकडच्या अशा बहुतेक दौडी मानवंदनेच्या असतात. त्याच महिन्यात, 16 डिसेंबर 2020 ला, राष्ट्रीय युद्ध स्मारकातून चार विजय मशाली निघाल्या, देशभर फिरल्या, वीरांच्या गावांची माती घेऊन आल्या. छानच. पण मशालीचा दिखाऊपणाही मी विसरू शकत नाही. ऑलिम्पिकची ज्योत पळवत नेण्याची प्रथा सुरू झाली 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकला. तीन हजारांहून जास्त धावपटू, प्रत्येकी साधारण एक किलोमीटर आणि मागे नाझींचं प्रचारयंत्र. आमच्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक त्याच बर्लिनमध्ये कबड्डीसारखे देशी खेळ दाखवून आलं, त्याचा आम्हाला अभिमान आहे आणि असायलाच पाहिजे. तरी ज्योत कोण पळवतंय आणि कशासाठी, हे विचारायची सवय मला त्या इतिहासानंच लावली.

पैशाची गोष्ट या दौडींपासून वेगळीच चालत आली. पहिल्या महायुद्धानंतर, 1919 मध्ये, सैनिकांच्या प्रश्नांसाठी 'इंडियन सोल्जर्स बोर्ड' उभं राहिलं. आजचं केंद्रीय सैनिक बोर्ड त्याचाच वारस. इंग्रजांच्या काळात 11 नोव्हेंबरला पॉपीची फुलं वाटून निधी जमायचा. स्वातंत्र्यानंतर 28 ऑगस्ट 1949 ला संरक्षणमंत्र्यांच्या समितीनं ठरवलं की दरवर्षी 7 डिसेंबरला ध्वजदिन पाळायचा. लाल, गडद निळा आणि फिकट निळा असे तीन पट्टे असलेला तो कागदी झेंडा शाळेत तुम्हीही घेतला असेल, बहुतेक पिनेसकट हरवलाही असेल. 1993 मध्ये असे वेगवेगळे निधी एकत्र करून सशस्त्र सेना ध्वजदिन निधी झाला.

हा पैसा जातो कुठं? हे मला स्वतःला अलीकडेच कळलं. जवानाला पेन्शन बसायला 15 वर्षांची नोकरी लागते. त्याआधी बाहेर पडलेल्याला महिन्याची पेन्शन नाही. हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याचे असे माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा, वय 65 च्या वर, यांना या निधीतून महिन्याला 4,000 रुपये मिळत. 1 नोव्हेंबर 2025 पासून ते 8,000 झाले. मुलांच्या शिक्षणाची मदत दरमहा 1,000 वरून 2,000, दोन मुलांपर्यंत. वाढीव दरानं वर्षाचा खर्च सुमारे 257 कोटी. म्हणजे शाळेत आपण घेतलेला तो झेंडा कुणाच्या तरी घरचा किराणा असतो.

आणि ही दौड संपणारी नाही. विजय दिवसाची मानवंदना एका सकाळी उरकते. 30 व्या वर्षी विधवा झालेल्या बाईला पुढची चाळीस वर्षं काढायची असतात. तिथं बॅटन दर महिन्याला कुणीतरी घ्यावी लागते. आपल्याकडे हे काम जिल्हाधिकारी कार्यालयाला दिलेल्या उद्दिष्टावर चालतं. उद्दिष्ट पूर्ण होतं, कधी जास्तही होतं, पण शाळा आणि सरकारी कचेऱ्यांच्या बाहेर गावाला त्याचा पत्ता नसतो. मशाल आली की अख्खं गाव वेशीवर, ध्वजदिन आला की फक्त मास्तर आणि तलाठी.

यंदा दिवाळीला गावी गेलो तेव्हा मंडळाच्या पोरांपुढे विषय काढला: पुढच्या डिसेंबरात अमरावतीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापासून गावापर्यंत रिले करायची आणि किलोमीटरमागे वर्गणी घ्यायची. पोरं लगेच टी-शर्टच्या रंगावर आली. एकानं डबा फिरवायचा म्हटलं, त्याला मी आडवा गेलो. पैसे थेट त्या कार्यालयात जमा झाले पाहिजेत, आपल्या हाताला नको.

फौजी काका ओट्यावर ऐकत बसले होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "पावती कोनाच्या नावानं फाडशीन, ते आधी विचारून ये त्या हापिसात."