दाना थंडा होऊ दे

साल 1910, मार्गशीर्ष महिना. तुम्ही नवेगाव बांधच्या पाळीवर उभे आहात. कोहळी समाजानं बांधलेल्या या तलावाच्या पाण्यावर खालच्या बांध्यांतलं धान पिकलं, आता तिथं धसकटं उरली आहेत. मुलूख मध्य प्रांताचा, जिल्हा भंडारा. गोंदिया जिल्हा व्हायला अजून 89 वर्षं आहेत.

पाळ उतरून पहिल्याच अंगणात शिरा. चुलीवर मोठं गुंड आहे, त्यात रात्रभर भिजलेलं धान वाफवलं जातंय. वास उग्र आहे, आंबूस, ओल्या टरफलाचा. घरची म्हातारी तुम्हाला "बसा जी" म्हणते आणि सुपाकडे वळते. गरम धान चटईवर ओतलं जातं, सून मुसळ उचलते, तशी म्हातारी तिला अडवते. "थांब व. दाना थंडा होऊ दे."

या थांबण्याकडे नीट बघा. उकडा तांदूळ खाणाऱ्या घरांना ते पाठ आहे, पण त्यामागचं कारण या क्षणी जगात कोणालाच सांगता येणार नाही. स्टार्चसारखे पदार्थ म्हणजे एकमेकांना जोडलेल्या हजारो घटकांच्या लांबच लांब साखळ्या, हे हर्मान श्टाउडिंगर 1920 मध्ये मांडणार आहे. अशा साखळ्यांना एकमेकींशी धरून ठेवणाऱ्या हायड्रोजन बंधाची कल्पना लॅटिमर आणि रोडेबुश यांच्या निबंधात येणार, तीही त्याच वर्षी. म्हातारी दहा वर्षं पुढे आहे.

चटईवरचा एक दाणा उचला आणि त्याच्या आत उतरा. कापणीच्या दिवसांत पहाटेचं दव आणि दुपारचं ऊन यांनी त्याला बारीक चिरा पाडल्या होत्या. तसाच कांडला असता तर तिथंच तुटून त्याची कणी झाली असती. भिजताना त्यानं पाणी प्यायलं, इतकं की जवळजवळ तिसरा हिस्सा पाणीच झालं. मग वाफ लागली. 70 अंशांच्या आसपास स्टार्चच्या घट्ट बसलेल्या कणांचे बंध सुटले, कण फुगले, साखळ्या मोकळ्या झाल्या आणि चिरांमध्ये भरल्या. पाण्यानं फुगलेलं, एकमेकांत अडकलेलं साखळ्यांचं जाळं, म्हणजेच जेल. गरम असताना ते लिबलिबीत आहे, मुसळाचा घाव त्याला सोसणार नाही.

आता ते निवतंय. सरळ साखळ्या, म्हणजे अमायलोज, एकमेकींजवळ सरकतात आणि जोडीजोडीनं पीळ घालतात. त्यांना धरून ठेवणारा एकेक हायड्रोजन बंध अगदी दुबळा, साखळीतल्या पक्क्या रासायनिक बंधापेक्षा पंधरा-वीस पटींनी कमजोर. पण असे बंध असंख्य, आणि एक सुटला तर शेजारी दुसरा धरायला तयार. चीर सांधली गेली. पुढं ऊन लागून पाणी उडेल आणि दाणा काचेसारखा कडक होईल. यातल्या फांद्या असलेल्या साखळ्यांची, अमायलोपेक्टिनची, पकड तर सहज सुटते. कालचा कडक झालेला भात वाफ दिली की मऊ होतो, तो याच कारणानं.

चला पुढं, प्रयोगशाळेत घडवलेल्या जेलकडे. साल 2003. जपानमधल्या होक्काइदो विद्यापीठात जियान पिंग गाँग यांच्या गटानं एकाच जेलमध्ये दोन जाळी विणली आहेत, एक ठिसूळ, दुसरं लवचिक. ताण आला की ठिसूळ जाळं आधी तुटतं आणि तडा पसरवणारी ऊर्जा स्वतःवर घेतं. जेल विलक्षण चिवट होतं, पण त्याचे तुटलेले पक्के बंध परत जुळत नाहीत.

2006. पाषाण रोड, पुणे, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. शायनी वर्गीस, आशिष लेले आणि रघुनाथ माशेलकर यांचा शोधनिबंध याच वर्षी प्रसिद्ध झाला आहे. टेबलाजवळ या. जेलचे कापलेले तुकडे तांब्याच्या क्षाराच्या द्रावणात एकमेकांना टेकले आहेत. जेलच्या साखळ्यांना आखूड लवचिक शेपट्या आहेत, टोकाला आम्लाचा गट. तांब्याचा एक आयन दोन्ही काठांवरच्या शेपट्या एकदम धरतो. कापलेली जागा सांधते. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. जपानी जेलमधले पक्के बंध तुटले की संपले, इथले सुटतात आणि पुन्हा धरतात. तेही आपल्या पुण्यात, सहा वर्षांनी जगभर गाजलेल्या जेलच्या आधी.

ते जेल 2012 मधलं, हार्वर्डचं. पक्क्या जाळ्याच्या जोडीला समुद्री शेवाळातलं अल्जिनेट, आणि ते धरून ठेवायला कॅल्शियम. नव्वद टक्के पाणी असूनही ते वीस पटींहून जास्त ताणलं जातं. एकदा ताणून लगेच पुन्हा ताणा, ते खूपच दुबळं लागेल. कॅल्शियमच्या सुटलेल्या गाठी परत बसायला वेळ हवा. एक दिवस 80 अंशांवर ठेवलं, तर दुसऱ्यांदा ताणायला पहिल्या वेळच्या 74 टक्के ऊर्जा लागते. कूर्चेच्या जागी बसवायच्या जेलला हजारो वेळा दाब सोसायचा आहे, त्यामुळे ही विश्रांती किती कमी करता येईल यावर पुढचं बरंच संशोधन झालं.

आता गोंदियातल्या आजच्या राईस मिलमध्ये या. बॉयलर धानाच्या टरफलावरच चालतोय, वाफेची टाकी फुसफुसतेय. वाळवणी बघा, ती एका दमात होत नाही. वाफवलेलं धान सोळा-अठरा टक्के ओलाव्यापर्यंत आणून काही तास कोठीत ठेवतात आणि मग पुन्हा वाळवतात. घाई केली तर दाण्याचा बाहेरचा भाग आधी आकसतो, आतला ओला राहतो आणि सांधलेल्या दाण्याला नवी चीर पडते. मधल्या तासांत आतलं पाणी बाहेर सरकतं, ताण विरतो. कोठीचा हा वेळ वाचवू पाहणाऱ्याचा माल कणीच्या चाळणीखाली जातो.

सरकारी भरडाईत एक क्विंटल धानामागे साध्या तांदळाचे 67 किलो द्यावे लागतात, उकड्याचे 68.