लिंबो
ख्रिस्ती धर्मविचारातील एक संकल्पना. ‘किनार’ या अर्थाच्या ‘लिंबुस’ या लॅटिन शब्दावरून हे नाव आले. बाप्तिस्मा न होताच मरण पावलेल्या अर्भकांच्या आत्म्यांचे नरकाच्या सीमेवरील स्थान, असा तिचा अर्थ आहे.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या (३ : ५) आधारे बाप्तिस्मा तारणास आवश्यक मानण्यात आला. पेलेजिअसच्या मताचे खंडन करताना सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) याने आदिपापामुळे अशी अर्भकेही दंडास पात्र ठरतात. मात्र तो दंड सर्वांत सौम्य असतो, असे प्रतिपादिले. पीटर ॲबेलार्डच्या (१०७९–११४२) मते ईश्वरदर्शनास मुकणे एवढाच तो दंड होय. सेंट टॉमस अक्वायनस (सु. १२२५–७४) याने त्या अर्भकांना या वियोगाचे दुःखही नसते, असे मानले.

व्यवहारात मात्र या संकल्पनेने आईबापांचे सांत्वन झाले नाही. अर्भक मरणोन्मुख असल्यास सुईणही बाप्तिस्मा देई. आयर्लंडमध्ये विसाव्या शतकातही अशा अर्भकांना पवित्र दफनभूमी नाकारली जाऊन त्यांचे ‘किलीनी’ नावाच्या वेगळ्या जागी दफन होई. कॅल्व्हिनने (१५०९–६४) श्रद्धावंतांची संतती जन्मतःच ईश्वरी करारात समाविष्ट असते, असे सांगून सुईणींच्या बाप्तिस्म्यास विरोध केला.

लिंबो हा रोमन कॅथलिक चर्चचा अधिकृत सिद्धांत कधीच नव्हता. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने ही अर्भके ईश्वराच्या करुणेवर सोपविली. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने त्यांच्या तारणाची आशा बाळगण्यास सबळ कारणे आहेत, असा निष्कर्ष काढला. तथापि ही आशा आहे, निश्चित ज्ञान नव्हे आणि तीमुळे बाप्तिस्म्याची आवश्यकता उणावत नाही, हेही स्पष्ट केले.