संक्रांतीचा हलवा : शब्द आणि वस्तू

मकरसंक्रांतीस आप्तेष्टांना देण्यासाठी महाराष्ट्रातील घरांत जे गोड पदार्थ होतात, त्यांत तिळगुळाबरोबर काटेरी हलव्यास मानाचे स्थान आहे. एकाच वाटीतून दिल्या जाणाऱ्या या दोन पदार्थांची नावे मात्र भिन्न कुळांतील आहेत. संस्कृत ‘तिल’ व ‘गुड’ यांतील स्वरमध्यस्थ ल व ड यांचा ळ होऊन तीळ आणि गूळ हे शब्द सिद्ध झाले. उलट ‘हलवा’ हा शब्द मूळचा अरबी असून त्याचा अर्थ केवळ गोड पदार्थ एवढाच आहे. यावरून तिळगूळ देशी आणि हलवा परकीय, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो कितपत ग्राह्य आहे?

साखरेच्या नावांचा इतिहास या बाबतीत उद्बोधक आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खण्ड व शर्करा असा क्रम आढळतो. ‘शर्करा’ म्हणजे मुळात वाळूचे खडे. पाली ‘सक्खरा’ व मराठी ‘साखर’ ही त्याचीच रूपे होत. फारसी ‘शकर’ व अरबी ‘सुक्कर’ यांच्या द्वारा तो शब्द युरोपात पोहोचला. ‘खण्ड’ हा शब्द फारसीत ‘कंद’ झाला, अरबीत त्याचे ‘कंदी’ हे विशेषण बनले आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘कँडी’ अवतरले. इ. स. ६४७ मध्ये चीनच्या सम्राटाने साखरेची विद्या शिकण्यासाठी मगधात माणसे पाठविली होती; तरीही पुढे उत्तर भारतात साखरेस ‘चिनी’ आणि खडीसाखरेस ‘मिसरी’ ही नावे रूढ झाली. तात्पर्य, नावाचे मूळ हे वस्तूचे मूळ असतेच असे नाही.

वस्तूचे साम्यदेखील असेच फसवे ठरू शकते. पोर्तुगीज ‘कोन्फेइतो’ या मिठाईवरून जपानात ‘कोन्पेइतो’ हा काटेरी पदार्थ रूढ झाला. पाद्री लुईश फ्रोइश याने १५६९ मध्ये ओदा नोबुनागा यास ती मिठाई नजर केली होती. इहारा साइकाकू याच्या १६८८ मधील कथासंग्रहात तिच्या गाभ्याशी तीळच आहे. परंतु एवढ्यावरून हलव्याचा पोर्तुगीजांशी संबंध जोडणे घाईचे होईल. मंद आचेवरील परातीत तीळ, खसखस किंवा साबुदाणा घेऊन त्यावर एकतारी पाक चमचाचमचाने घालावा आणि बोटांनी सतत फिरवीत राहावे, म्हणजे प्रत्येक थर सुकताना दाण्यावरील उंचवटे वाढत जातात व काटा येतो. हा साखरेचा धर्म आहे. तो जपानात आणि कोकणात स्वतंत्रपणेही प्रत्ययास येऊ शकतो.

तेव्हा हलव्याचे मराठीपण त्याच्या व्युत्पत्तीत शोधू नये. ते त्याच्या उपयोगात आहे. गाजराचा हलवा मराठीतही आहे; पण संक्रांतीच्या संदर्भात नुसता ‘हलवा’ म्हटले की काटेरी दाणाच अभिप्रेत असतो. नववधूस व तान्ह्या मुलास पहिल्या संक्रांतीला त्याचेच दागिने घालतात. परका शब्द येथे इतक्या अंतरंगातील विधीत सामावला आहे.

आज तयार हलवा बाजारात सहज मिळतो. घरी परातीशी तासन्‌तास बसणारे हात कमी झाले, की ‘पाक चढविणे’, ‘काटा येणे’ यांसारख्या प्रयोगांचा अनुभवाधारही क्षीण होणार. कोशांत ‘हलवा’ राहील. हा शब्दव्यवहार मात्र तो जाणणाऱ्या स्त्रियांकडूनच, आणि वेळीच, टिपून घ्यावा लागेल.