आत्म्यांची पारख : नागपूर–राजनांदगाव लोहमार्ग आणि टिळक दांपत्याचा धर्मशोध

मनात उठणाऱ्या प्रेरणांपैकी कोणती ईश्वराकडून आलेली आहे, कोणती अहंकारातून किंवा भीतीतून उपजलेली आहे आणि कोणती केवळ लोकांच्या दडपणातून निर्माण झाली आहे, हे शांतपणे तपासून पाहण्याच्या सवयीला ख्रिस्ती साधनेत ‘आत्म्यांची पारख’ असे म्हटले जाते. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १२ व्या अध्यायात संत पौलाने ती कृपादानांमध्ये, म्हणजे ईश्वराने विनामूल्य दिलेल्या सामर्थ्यांमध्ये गणली आहे. योहानाच्या पहिल्या पत्राच्या ४ थ्या अध्यायात तर ती प्रत्येक श्रद्धावंताचे कर्तव्यच ठरवली आहे. येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) याने १५४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या साधनाग्रंथात या पारखेचे नियम बांधून दिले. मनाला ईश्वराकडे ओढणारी आणि प्रेम व धीर वाढवणारी सांत्वनाची अवस्था आणि त्याउलट मनाला कोरडे, अस्वस्थ व हताश करणारी विषण्णतेची अवस्था या दोन्ही ओळखाव्यात आणि विषण्णतेच्या काळात आधी केलेला निश्चय बदलू नये, हे त्या नियमांचे सार होय. १६१६ मध्ये गोव्यातील राचोल येथे ‘क्रिस्तपुराण’ छापणारा फादर थॉमस स्टीफन्स याच संघाचा होता. त्यामुळे या साधनेच्या संस्कारात वाढलेल्या माणसाची लेखणी १७ व्या शतकाच्या आरंभीच मराठी ओवीत उतरली होती.

या कल्पनेसाठी मराठी माणसाला शब्द शोधत जावे लागले नाही, कारण ‘विवेक’ हा शब्द संतपरंपरेने त्याच्या हाती आधीच दिलेला होता. सार आणि असार वेगळे करणारी ती बुद्धी असल्याने वैराग्याशी तिची जोड नेहमीच घातली गेली. १९ व्या शतकात ज्या मराठी माणसांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांच्यापैकी विचारी माणसांचे चरित्र या विवेकाच्या आणि पारखेच्या संगमावर उभे राहिलेले दिसते. बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारा ख्रिस्ती धर्मप्रवेशाचा संस्कार, हा त्यांच्या शोधाचा शेवट नव्हता. त्याच्या आधी दीर्घ तपासणी होती आणि त्याच्यानंतरही ती थांबली नाही. कवी नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक या पतिपत्नींचा इतिहास हे याचे सर्वांत ठळक उदाहरण होय आणि त्या इतिहासाचा एक धागा आजच्या गोंदिया जिल्ह्यातून गेलेला आहे.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. १९ व्या शतकाच्या अखेरीस हा सारा मुलूख मध्य प्रांतातील भंडारा जिल्ह्यात मोडत असे. नागपूरहून पूर्वेकडे छत्तीसगडच्या भातपट्ट्याकडे जाणारा मीटरगेज लोहमार्ग १८८० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत राजनांदगावपर्यंत पोहोचला आणि पुढे बेंगाल–नागपूर रेल्वे कंपनीने तो ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केला. तुमसर मागे टाकून तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा अशी स्थानके घेत गाडी दरेकशाच्या डोंगराळ, जंगली टप्प्यातून डोंगरगडकडे उतरते. नागपूरपासून गोंदिया सुमारे १३० किलोमीटरवर आहे आणि राजनांदगावच्या वाटेवर अर्ध्याहून थोडे पुढे लागते. मराठी मुलूख सरून छत्तीसगडी बोलीचा मुलूख सुरू होण्याची सीमा याच पट्ट्यात आहे. या मार्गाच्या पश्चिम टोकाला, नागपुरात, स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने १८४५ पासून मिशनचे आणि शिक्षणाचे काम उभे केले होते. पूर्व टोकाला वैष्णव बैरागी महंतांच्या गादीतून आलेले राजनांदगावचे संस्थान होते.

नारायण वामन टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. पुढे नागपूरचे धनिक आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ते तेथे संस्कृत वाङ्मयाचे काम करीत होते आणि ‘ऋषी’ नावाचे मासिकही त्यांनी चालवले. या काळात त्यांच्या मनाने परंपरागत धर्माचा आधार सोडला होता, परंतु श्रद्धा सोडली नव्हती. जगाचा कर्ता एकच आहे आणि सर्व माणसे परस्परांची भावंडे आहेत अशा तत्त्वांवर एखादा नवा धर्म उभा राहावा, असा विचार त्यांच्या मनात घोळत होता. पारखेच्या दृष्टीने ही अवस्था महत्त्वाची आहे, कारण तीत तळमळ खरी असते, पण ती तळमळ ईश्वराची आहे की धर्मसंस्थापक होण्याच्या महत्त्वाकांक्षेची आहे, हे वेगळे काढणारी कसोटी अजून हाती आलेली नसते.

१८९३ मध्ये टिळक उद्योगाच्या शोधात नागपूरहून राजनांदगावला निघाले असता त्यांच्या डब्यात एक अपरिचित युरोपीय गृहस्थ होता. संस्कृत काव्यावरून सुरू झालेले बोलणे धर्मावर आले. त्या गृहस्थाने त्यांना नव्या कराराची एक प्रत दिली, ती वाचण्याचे वचन घेतले आणि दोन वर्षांच्या आत टिळक ख्रिस्ती होतील असे भाकीत केले. हा संवाद ज्या लोहमार्गावर घडला, त्याचा मधला मोठा टप्पा आजच्या गोंदिया जिल्ह्यातला आहे. त्या काळच्या समाजात एखाद्या ब्राह्मण विद्वानाने युरोपीय माणसाशी धर्माविषयी बोलणे म्हणजे बहुधा वाद घालणे असे. जातीच्या पंगतीबाहेरच्या, गावाच्या नजरेआडच्या रेल्वेच्या डब्यात मात्र वाद न होता संभाषण होऊ शकले.

टिळकांनी ते भाकीत स्वीकारले नाही, पण वचन पाळले. ठरावीक पाने रोज वाचून संपवायची असा नेम करून, हाती पेन्सिल घेऊन, खुणा करीत ते वाचू लागले आणि मत्तयकृत शुभवर्तमानाच्या ५ ते ७ या अध्यायांतील डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर त्यांचा नेम मोडला, कारण त्या ओळी सोडून पुढे जाणे त्यांना जमेना. विशेष हे की, खोटे संदेष्टे मेंढरांचे रूप घेऊन येतात, त्यांना त्यांच्या फळांवरून ओळखावे, ही पारखेची मूळ कसोटी याच प्रवचनाच्या शेवटच्या भागात येते. ज्या मजकुराने त्यांना बांधून ठेवले, त्यानेच त्यांना तपासण्याचे साधनही दिले.

पुढची दोन वर्षे या तपासणीत गेली. टिळकांनी ख्रिस्ती धर्माचा पुरावा मांडणारी पुस्तके वाचली आणि मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार केला. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अॅबट, ज्यांनी नंतरच्या आयुष्यात मराठी संतांची चरित्रे व काव्ये इंग्रजीत नेली, त्यांच्या संपर्कातून ते मुंबईला पोहोचले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी तेथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. या निर्णयाची किंमत लहान नव्हती. पत्नी, मूल, आप्त आणि जात हे सारे एका दिवसात दुरावले. स्वार्थासाठी केलेला निर्णय आणि पारखून केलेला निर्णय यांतील भेद ओळखायचा झाला तर ही किंमतही विचारात घ्यावी लागते, कारण या निर्णयाने टिळकांना प्रतिष्ठा मिळाली नाही. होती तीही गेली.

लक्ष्मीबाईंचा (१८६८–१९३६) मार्ग याहून वेगळा आहे आणि पारखेच्या इतिहासात त्याचे मोल अधिक आहे. पतीने धर्म बदलला म्हणून त्यांनी तो बदलला नाही. काही वर्षे त्या लहान मुलासह माहेरच्या नातलगांकडे राहिल्या आणि नंतर पतीजवळ परतल्या, तरी सोवळे-ओवळे पाळून स्वतःचे अन्नपाणी वेगळे ठेवीत राहिल्या. एका छपराखाली दोन धर्म नांदत असताना, माणसामाणसांतील जातीचा भेद ईश्वराने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांच्या मनात आला. ईश्वराला तो भेद हवा असता तर पशुपक्ष्यांच्या जातींत दिसतो तसा तो माणसांच्या देहातही दिसला असता, असा त्यांनी स्वतःच निवाडा केला आणि मगच पाण्याचा विटाळ सोडला. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हा सारा प्रवास त्यांनी घरगुती भाषेत सांगितला आहे. मोठ्या धर्मतत्त्वाची परीक्षा पाण्याच्या तांब्याशी आणि चुलीशी होते, हे त्यातून जितके स्पष्ट दिसते, तितके एखाद्या शास्त्रीय ग्रंथातूनही क्वचितच दिसते.

टिळकांच्या बाबतीत तपासणीचा दुसरा टप्पा बाप्तिस्म्यानंतर आला. अहमदनगर येथे काम करताना, १९०४ मध्ये दीक्षित पाळक झाल्यावर आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी भागाचे संपादन करताना, ख्रिस्त आणि ख्रिस्ताबरोबर आलेला पाश्चात्त्य पेहराव यांची गल्लत होते आहे, हे त्यांना अधिकाधिक जाणवू लागले. उपासनेत अभंग, भजन आणि कीर्तन आणण्याचा त्यांचा आग्रह हा या निवडीचाच भाग होता. ख्रिस्तापर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर तुकारामाचे ऋण ते उघडपणे मान्य करीत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची वेतनी सेवा सोडून संन्यस्त वृत्ती पत्करली आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ या नावाने ख्रिस्ताच्या शिष्यांचे असे बंधुमंडळ सुरू केले, की ज्यात बाप्तिस्मा झालेल्यांप्रमाणेच न झालेल्यांनाही स्थान होते. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाल्याने हा प्रयोग बहरण्याआधीच खुंटला. त्यांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही अपुरे राहिले होते. त्याचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहून पुरा केला.

या इतिहासातून पारखेचे जे रूप हाती लागते, ते क्षणात होणाऱ्या साक्षात्काराचे नाही. रेल्वेच्या डब्यातील अनोळखी माणसाचे भाकीत खरे ठरले म्हणून त्या प्रवासाला महत्त्व नाही. भाकीत ऐकूनही टिळकांनी पेन्सिल हाती धरली, म्हणून आहे. लक्ष्मीबाईंनी तर त्यांच्याहून अधिक वेळ घेतला आणि ज्या दिवशी होकार दिला, त्या दिवशी तो संपूर्णपणे त्यांचा स्वतःचा होता. पतीचा अपुरा ग्रंथ पुढे त्यांना स्वतःच्या ओव्यांत पुरा करता आला, तो याच स्वतःच्या होकाराच्या बळावर.