पेटीबंद हरीण

बंगळूरमधल्या कुठल्याही दहा वर्षांच्या मुलाला टॉम आणि जेरी कोण हे सांगावे लागत नाही. ही मांजर-उंदराची जोडी १९४० साली जन्मली, म्हणजे वयाने त्या मुलाच्या पणजीच्या बरोबरीची. त्याच मुलाला १९५७ साली मुंबईत रंगवलेल्या त्या जातककथेतल्या मृगराजाबद्दल विचारा, गाभण हरिणीचा जीव वाचावा म्हणून स्वतःची मान पुढे करणाऱ्या. ते तुमच्याकडे नुसते पाहत राहील. त्याचे आईवडीलही पाहत राहतील. आमची चित्रे कमी पडली असतील, असे म्हणून आपण मोकळे होतो. मला मात्र याचे कारण कागदोपत्री झालेल्या, आणि न झालेल्या, काही व्यवहारांत दिसते.

१९५६ साली वॉर्नर ब्रदर्सने आपल्या जुन्या चित्रपटांबरोबर १९४८ पूर्वीची रंगीत कार्टूनेही असोसिएटेड आर्टिस्ट्स प्रॉडक्शन्स नावाच्या वितरक कंपनीला विकून टाकली. चित्रगृहांतली त्यांची कमाई होऊन गेली होती. जुना माल म्हणून तो गेला. वितरकाने ती अमेरिकेतल्या गावोगावच्या दूरचित्रवाणी केंद्रांना भाड्याने दिली. शाळा सुटल्यानंतरची वेळ भरायला त्या केंद्रांना स्वस्त काहीतरी हवेच होते. तेच ते सात मिनिटांचे कार्टून पुन्हा पुन्हा लागू लागले. बग्ज बनी ‘अभिजात’ ठरला तो या रतिबात. पुढे हा साठा हातोहात फिरत १९८६ साली टेड टर्नर यांच्याकडे आला. एमजीएमच्या संग्रहातून टॉम आणि जेरीही त्यांच्याकडेच आले. त्या भांडवलावर १९९२ साली कार्टून नेटवर्क उभे राहिले आणि १९९५ साली ते भारतात उतरले. १९९६ साली टर्नर यांची कंपनीच टाइम वॉर्नरमध्ये विलीन झाली, म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी मोडीत काढलेली पोरे जगप्रसिद्ध होऊन घरी परतली. वॉर्नरने हे दूरदृष्टीने केले असे कोणी म्हणणार नाही. पण दुसऱ्याच्या वाहिनीवर आपले चित्र गेल्याने चित्राचे नुकसान होत नाही, एवढे त्यातून सिद्ध झाले.

आता आपल्या स्टुडिओकडे वळतो. स्टुडिओ म्हटले की मराठी माणसाला प्रभात आठवते. अ‍ॅनिमेशनच्या बाबतीत मात्र भारतातला मोठा स्टुडिओ सरकारी होता. १९४८ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाली आणि पुढे तिच्यात कार्टून विभाग निघाला. १९५६ साली अमेरिकी तांत्रिक साहाय्याच्या योजनेतून क्लेअर वीक्स हे डिस्नेच्या स्टुडिओतले अ‍ॅनिमेटर तिथे शिकवायला आले. ते भारतातच वाढलेले होते. त्यांच्या हाताखाली जी मंडळी तयार झाली, त्यांनी काढलेला पहिला मोठा चित्रपट म्हणजे ‘द बॅनियन डियर’. सुरुवातीला म्हटलेले हरीण ते हेच. रसायनशास्त्र सोडून त्याच वर्षी विभागात आलेले राम मोहन, मिनू मसानी यांच्या पुस्तकावरून १९६१ साली ‘धिस अवर इंडिया’ करणारे गोखले, प्रागला जाऊन यिर्शी त्र्न्का यांच्याकडे शिकून आलेले प्रमोद पती, पुढे स्वतंत्र काम करणारे भीमसेन, ही सगळी त्या एका छपराखालची माणसे. विभागाच्या कामात कुटुंब नियोजन, बचत, स्वच्छता यांचा उपदेश भरपूर आहे, आणि त्यातला काही आज पाहवत नाही हेही खरे. पण राम मोहन यांचा ‘होमो सॅप्स’ किंवा पतींचे प्रयोग पाहताना सरकारी शिक्का विसरायला होतो.

चित्रगृहांना हे लघुपट मुख्य चित्रपटाआधी दाखवावेच लागत. ‘फिल्म्स डिव्हिजन की भेंट’ ही पाटी आली की अर्धे प्रेक्षक शेंगदाणे घ्यायला बाहेर जात. (भेट म्हणायची, पण तिचे भाडे चित्रगृहाच्या मालकाकडून वसूल होई.) सक्तीमुळे या चित्रांना प्रेक्षक मिळाला आणि सक्तीमुळेच त्यांची किंमत कोणी ओळखली नाही. विकायची गरज नसलेल्या मालाला विक्रेता लागत नाही. त्यामुळे दूरचित्रवाणीचा काळ आला तेव्हा, हा साठा वेगवेगळ्या वाहिन्यांना कसा द्यायचा, कोणत्या दराने, किती वर्षांसाठी, याची सवयच त्या संस्थेला नव्हती. वॉर्नरच्या हिशेबनिसाने जे नकळत केले ते इथे कोणाच्या कामाच्या यादीतच नव्हते.

याउलट काय होऊ शकते याचा पुरावा राम मोहन यांच्याच आयुष्यात आहे. १९६८ साली ते फिल्म्स डिव्हिजन सोडून बाहेर पडले. पुढे जपानी निर्माते युगो साको यांच्याबरोबर त्यांनी ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ हा चित्रपट केला. तो १९९२ साली पूर्ण झाला, तेव्हा भारतात तो नीट प्रदर्शितही झाला नाही. पण त्याचे हक्क वाहिन्यांना मिळत गेले, कार्टून नेटवर्कसारख्या वाहिन्यांवर तो सणासुदीला लागत राहिला, आणि ज्या मुलांनी तो जेवता जेवता पाहिला ती मोठी झाली. जानेवारी २०२५ मध्ये तो इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत चित्रगृहांत आला. राम मोहन हे पाहायला नव्हते. ते ऑक्टोबर २०१९ मध्ये गेले. माणूस तोच, हात तोच. बाहेरच्या वाहिन्यांकडे गेलेले काम तीस वर्षांनी तिकीट काढून पाहिले जाते आणि पेडर रोडच्या इमारतीत राहिलेले काम अभ्यासकाला अर्ज करून मागावे लागते.

एक अपवाद आहे, आणि तो मोठा आहे. १९७४ सालचा ‘एक अनेक और एकता’. दिग्दर्शन विजया मुळे यांचे, चित्रे भीमसेन यांची, संगीत वसंत देसाई यांचे, बालआवाज साधना सरगम यांचा. मुळे मुंबईत जन्मलेल्या, पाटणा आणि दिल्लीत फिल्म सोसायटीची चळवळ रुजवणाऱ्या. एनसीईआरटीच्या शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्राशी त्यांचे नाव कायमचे जोडलेले आहे. दूरदर्शनवर हे सात मिनिटांचे चित्र इतक्यांदा लागले की चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाला त्यातली चिमणी आठवायला प्रयत्न करावा लागत नाही. हाही रतीबच होता. फक्त गवळी एकच होता. सरकारी स्टुडिओचे चित्र सरकारी वाहिनीवर लागे. दूरदर्शनचा एकछत्री काळ संपला आणि रतीब बंद झाला.

इथे कर्नाटकाचा एक धागा सांगितला पाहिजे. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर ‘साइट’ हा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. इस्रोने अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत कार्यक्रम पोहोचवले. त्यांत कर्नाटकाचे विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे होते. कार्यक्रम त्या त्या खेड्याच्या भाषेत असायचे: हिंदी, तेलुगू, उडिया आणि कन्नड. म्हणजे मुलांपुढे हलते चित्र न्यायचे तर ते त्यांच्या भाषेत न्यायचे, हे पन्नास वर्षांपूर्वी आपल्या यंत्रणेला कळत होते. फिल्म्स डिव्हिजनचे लघुपटही अनेक भारतीय भाषांत ध्वनिमुद्रित होत. मराठीत होत, कन्नडात होत.

कन्नडाच्या बाबतीत याचे महत्त्व बाहेरच्या वाचकाला चटकन कळणार नाही. कन्नड चित्रसृष्टीने साठच्या दशकापासून परभाषेतल्या चित्रपटांचे कन्नड रूपांतर पडद्यावर येऊ दिले नाही. कायदा नव्हता, दबाव होता. २०१५ साली स्पर्धा आयोगाने त्याविरुद्ध निकाल दिला तेव्हा ती तटबंदी ढासळू लागली. या सगळ्या काळात मुलांच्या वाहिन्या आल्या त्या हिंदी-इंग्रजी बोलत, काही तमिळ-तेलुगू. मुलांसाठी कन्नड वाहिनी, सन समूहाची चिंटू टीव्ही, आली ती २००९ साली. तोवर सरकारी लघुपट हेच कन्नड बोलणारे परगावचे चित्र होते. आमच्यासारख्या घरात, जिथे आत मराठी आणि दाराबाहेर कन्नड, मुलांचे कार्टून दोन्हींपैकी कोणत्याच भाषेत नसे. मुले भांडायची तीसुद्धा कार्टूनच्या हिंदीत. त्या हिंदीबद्दल माझी तक्रार नाही. पण मराठी आणि कन्नड ध्वनिफिती तयार असलेली चित्रे सरकारी साठ्यात असताना हे घडले, याची आहे.

आज या साठ्याचा मालक कोण? डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने फिल्म्स डिव्हिजन, चित्रपट महोत्सव संचालनालय, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि बालचित्र समिती या चौघांना राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करायचे ठरवले आणि मार्च २०२२ मध्ये ते अमलात आले. त्या वेळीच जाहीर झाले की मालमत्तेची मालकी भारत सरकारकडे राहील. म्हणजे सांभाळणारा एक आणि मालक दुसरा. अशा घरात भाडेकरू ठेवायचा तर सही कोणाची, या प्रश्नावरच वर्षे जातात.

त्यात कायद्याची एक गंमत आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे सरकारी कृतीचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. त्या हिशेबाने ‘द बॅनियन डियर’चा हक्क २०१७ च्या अखेरीस संपला, ‘धिस अवर इंडिया’चा २०२१ च्या अखेरीस. ही चित्रे आज तुमची-माझी आहेत. उद्या बंगळूरच्या एखाद्या वाहिनीने हरीण दाखवायचे ठरवले तर परवानगीची गरज नाही, गरज आहे चांगल्या प्रतीची, आणि ती प्रत मिळते कपाटाची किल्ली असलेल्याकडूनच. हक्क संपला तरी ताबा संपत नाही. म्हणून नुसत्या परवान्याची मागणी अपुरी आहे. प्रसारणयोग्य प्रत आणि उपलब्ध असतील तितक्या भाषांच्या ध्वनिफिती परवान्याबरोबर आल्या पाहिजेत.

महामंडळाकडे माझे मागणे अवघड नाही. कार्टून विभागाच्या चित्रांची वर्षवार, भाषावार यादी उघड करावी आणि कोणत्या चित्राचा हक्क संपला हे तीत लिहावे. उरलेल्यांसाठी मिनिटामागे ठरावीक दर लावावा, चंदना आणि सह्याद्रीपासून खासगी मुलांच्या वाहिन्यांपर्यंत सगळ्यांना तोच, आणि कोणालाही एकाधिकार देऊ नये. एकाधिकार दिला की एक कपाट जाऊन दुसरे येते. संगीत किंवा संहितेचे हक्क वेगळे असतील तिथे ते आधीच तपासून ठेवावेत; हे काम वाहिनीवर टाकले की वाहिनी येतच नाही.

यूट्यूबवर बरेच काही टाकले आहे की, असे उत्तर मला मिळेल. टाकले आहे, आणि ते चांगलेच झाले. पण यूट्यूबवर जो शोधतो त्याला मिळते. जे आहे हेच माहीत नाही ते मूल शोधणार काय? वाहिनीचे काम वेगळे असते. ती न मागितलेले ताटात वाढते. दुसरे उत्तर वाहिन्यांकडून येईल, की जुने कोण पाहणार. १९४० च्या मांजराकडे बोट दाखवण्यापलीकडे मला त्यावर बोलायचे नाही.

या शहराला या विषयाशी काही देणेघेणे असायला हवे, कारण इथे हजारो हात चित्रे हलवण्याचे काम करतात. अ‍ॅनिमेशनसाठी स्वतंत्र धोरण आखणारे कर्नाटक हे देशातले पहिले राज्य. ते २०१२ साली आले. ड्रीमवर्क्सचे काम इथल्या टेक्निकलरच्या स्टुडिओत होत असे. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलरचा कारभार कोसळला आणि इथले कलाकार एका आठवड्यात रस्त्यावर आले. त्यांनी वर्षानुवर्षे रंगवलेली पात्रे दुसऱ्याच्या मालकीची होती, ती तिकडेच राहिली.

चित्र जपले आणि दाखवले नाही तर ते सुरक्षित असते, हाही एक समज आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास काड्यापेटीतल्या काड्या एकेक फ्रेम पुढे सरकवत ‘आगकाड्यांची मौज’ केली. आज ती नाही. २००३ साली पुण्यात संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या कोठारात आग लागली आणि मूकपटांच्या काळापासूनची रिळे जळाली. दहा वाहिन्यांच्या दहा सर्व्हरवर असलेली प्रत एका आगीत जात नाही.

मुळे यांच्या चिमणीचा सरकारी हक्क ३१ डिसेंबर २०३४ ला संपेल. देसाई यांच्या संगीताचा हिशेब वेगळा. आज दहा वर्षांचे असलेले मूल तोवर टीव्हीपुढे बसायच्या वयाचे राहिलेले नसेल.