आरसा धरणारे हात

नवीन पनवेलमध्ये कळंबोलीकडच्या रस्त्यावर भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे आवार आहे. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी घेण्यासाठी इथले संशोधक अंटार्क्टिकातल्या ‘मैत्री’ केंद्रावर जातात, हे मला पनवेलकर असूनही उशिराच कळले. तेव्हा मनात आलेला प्रश्न अगदी घरगुती होता : हिवाळ्यात वाटा बंद असताना तिथे कुणी आजारी पडले तर?

या प्रश्नाचे सर्वांत प्रसिद्ध उत्तर ‘मैत्री’च्या शेजारीच घडले आहे. शिर्माकर टेकड्यांच्या त्याच खडकाळ पट्ट्यात, काही किलोमीटरवर, रशियाचे नोवोलाझारेव्हस्काया केंद्र आहे. एप्रिल १९६१मध्ये तिथला एकमेव डॉक्टर, २७ वर्षांचा लिओनिद रोगोझोव्ह, आजारी पडला. पोटदुखी, ताप, उलट्या. अपेंडिक्स सुजल्याचे निदान त्याने स्वतःच केले. जवळच्या केंद्रांवर विमान नव्हते, बाहेर हिमवादळ होते. ३० एप्रिलच्या रात्री त्याने स्वतःच्या पोटावर शस्त्रक्रिया केली. पाऊण तास नव्हे, पावणेदोन तास. भूल फक्त पोटाच्या बाहेरच्या भिंतीपुरती. शेवटी शेवटी चार-पाच मिनिटांनी थांबून दम घ्यावा लागे. दोन आठवड्यांत तो पुन्हा कामावर होता.

ही कथा एकट्याच्या धैर्याची म्हणून सांगितली जाते. मला ती अपुरी वाटते. हवामानतज्ज्ञ आर्तेम्येव्ह अवजारे हाती देत होता, यंत्रचालक तेप्लिन्स्की आरसा धरून होता. या दोघांपैकी कुणाला घेरी आली तर जागा घ्यायला केंद्रप्रमुख उभे होते. आपण बेशुद्ध पडलो तर कोणते इंजेक्शन द्यायचे, कृत्रिम श्वास कसा द्यायचा, हे रोगोझोव्हने त्यांना आधीच शिकवून ठेवले होते. त्यांच्यापैकी एकही वैद्यकीय माणूस नव्हता.

१९९९मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या डॉ. जेरी नील्सन यांना स्तनात गाठ लागली, तेव्हाही बायोप्सीला हातभार लावला तो बिगरवैद्यकीय सहकाऱ्यांनीच. औषधे विमानातून खाली टाकावी लागली. सुटका झाली ती ऑक्टोबरात.

‘मैत्री’वर आज डॉक्टर असतो, उपग्रहाद्वारे संपर्कही होतो. पण डॉक्टरच अंथरुणाला खिळला, तर पडद्यावरचा सल्ला अमलात आणायला जवळचेच हात लागणार. म्हणून पनवेलहून चुंबकमापी घेऊन निघणाऱ्या संशोधकाने एक गोष्ट मनाशी बांधून जावी : वेळ आली, तर आरसा त्यालाही धरावा लागेल.